खवले मॅडम आनंद मोजतात

एका जंगलात पिल्लं हरवायची. रोज नाही, मुलांनो, अधूनमधून. कधी हरणाचं, कधी सशाचं. कुणी वाट चुकायचं, कुणाला घरच्यांनीच हाकललेलं असायचं, आणि कुणी घरातच असायचं पण हरवल्यासारखं दिसायचं. मोठे प्राणी म्हणायचे, "चालायचंच!" आणि पुन्हा चरायला लागायचे.

मग एकदा वाघीणराणीचं पिल्लू दुपारभर सापडेना. ते करवंदीच्या जाळीत झोपलं होतं. पण तेवढ्या वेळात साऱ्या जंगलाला पटलं, की पिल्लू हरवणं ही फार गंभीर गोष्ट आहे.

लगेच हुकूम निघाला. ओढ्याच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक, अशी दोन बालरक्षण केंद्रं उघडली. पिल्लू हरवलं, पिल्लाला कुणी मारलं, कुणी उपाशी ठेवलं, की केंद्राने धावून जायचं. अलीकडचं केंद्र मोराकडे गेलं, कारण उद्घाटनाला तो शोभून दिसला. पलीकडचं अस्वलअक्काकडे गेलं, कारण पलीकडे दुसरं कुणी तयार नव्हतं.

आता केंद्रं चांगली चालली आहेत की नाही, हे कसं कळणार? पिल्लांना विचारून? छे! पिल्लांना काय कळतं? त्यासाठी गुणवत्ता समिती नेमली. घुबडराव अध्यक्ष, सरडा सचिव. समितीच्या बैठका भर दुपारी व्हायच्या. घुबडराव त्या वेळी अर्धवट झोपेत असतात, त्यामुळे निर्णय भराभर होतात. सरडा मान हलवायचा. सरडा कशालाही मान हलवतो. तो त्याचा स्वभाव आहे, त्याला मत समजू नये.

आणि तपासणीसाठी नेमल्या खवले मॅडम.

खवले मॅडम म्हणजे खवल्या मांजर. अंगभर खवले, लांबट नाक, जमिनीवर टेकणारी जाड शेपटी, चालणं सावकाश. मॅडम अतिशय सचोटीच्या. तपासणीला गेल्यावर कुणी ताजं वारूळ पुढे केलं, तरी त्या नाक वळवून म्हणायच्या, "मी कामावर आहे." भुकेल्या पोटी वारुळावरून नाक वळवणं किती अवघड असतं, ते खवल्या मांजरालाच माहीत.

त्यांचं एकुलतं एक पिल्लू मोठं होऊन केव्हाच डोंगरापलीकडे गेलं होतं. घरी वाट पाहणारं कुणी नव्हतं. म्हणून त्या काम मन लावून करायच्या. जे नीट मोजलं जातं ते आपोआप नीट होतं, असं त्यांना अगदी मनापासून वाटायचं.

समितीने त्यांना निकष दिले होते. स्वच्छता, शिस्त, पोषण, आनंद आणि तक्रारी. पहिल्या चारींत जास्त असेल त्याला जास्त गुण. तक्रारींत मात्र कमी असतील त्याला जास्त.

पहिली तपासणी मोराच्या केंद्राची. मॅडम येणार हे मोराला आधीच कळवलेलं होतं. न कळवता कुणाकडे जाणं बरं दिसत नाही.

अंगण झाडून लख्ख केलेलं. मध्ये ओळीने पिल्लं बसलेली, हाताची घडी, पायाची मांडी. ज्यांना हात नव्हते त्यांनीही घडी घातली होती. पिल्लांच्या मागे पालक प्रतिनिधी म्हणून एक दांडगा वानर उभा होता.

"या मॅडम, या," मोर म्हणाला. "आमची मुलं सकाळपासून तुमची वाट बघतायत. हललीसुद्धा नाहीत."

मॅडमनी पळसाच्या पानावर नखाने लिहिलं: शिस्त, उत्तम.

मग त्या पिल्लांसमोर उभ्या राहिल्या. "मुलांनो, सगळे आनंदात आहात ना?"

"होऽऽय मॅडम!"

एका सुरात, एका दमात. मॅडमना फार बरं वाटलं. इतका स्वच्छ आनंद त्यांनी बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता. पूर्ण गुण.

"तक्रारी किती?"

"एकही नाही," मोर म्हणाला.

"एकही?"

"तक्रार म्हणजे काय, हेच आमच्या मुलांना ठाऊक नाही, मॅडम. आम्ही कळूच दिलं नाही."

निघता निघता मॅडमची नजर मागच्या ओळीतल्या एका वानराच्या पोरावर गेली. बाकीची पिल्लं हडकुळी होती, पण याचे गाल टम्म फुगले होते. डोळे गालांत बुडाले होते. मॅडम थबकल्या.

"याचा चेहरा असा कसा?"

"कोण, हुप्या?" मोर हसला. "गुटगुटीत आहे. आई नाही बिचाऱ्याला, पण मामा फार जपतो. हे काय, मागेच उभे आहेत."

मागचा दांडगा वानर वाकला आणि त्याने नमस्कार केला. हुप्या मॅडमकडे बघत राहिला. मॅडमनी पानावर लिहिलं: पोषण, उत्तम.

दुसऱ्या दिवशी त्या ओढा ओलांडून अक्काकडे गेल्या.

आता काय सांगू, मुलांनो! अंगण कुठे संपतं आणि जंगल कुठे सुरू होतं, ते कळत नव्हतं. सगळीकडे बोरांच्या बिया. कोल्ह्याची दोन पोरं एका हाडावरून भांडत होती. सायाळीचं एक पोर कोपऱ्यात फुरंगटून बसलं होतं. मध्यभागी अस्वलअक्का, केस विस्कटलेले, पाठीवर कुणाकुणाची पिल्लं चढलेली. अंगाला मोहाच्या फुलांचा वास.

"बसा, बाई," अक्का म्हणाली. "ओलं नसेल तिथं बसा."

मॅडम उभ्याच राहिल्या. त्यांनी घसा साफ केला. "मुलांनो, सगळे आनंदात आहात ना?"

"नाही," सायाळीचं पोर म्हणालं.

"मला भूक लागलीय."

"हा मला चावला!"

"माझा बाप मारतो. मी घरी नाही जाणार."

"तुमचं नाक एवढं लांब का?"

मॅडम गोंधळल्या. हा आनंद मोजायचा कसा? त्यांनी पुन्हा विचारलं. पुन्हा तसंच. उलट या वेळी भांडणाऱ्या दोन पोरांनीही हाड सोडून आपापलं गाऱ्हाणं सांगितलं.

"अक्का, तक्रारी किती आल्यात तुमच्याकडे?"

"मोजल्या नाहीत. आली की जाते."

"भरपूर दिसतायत. ओढ्याच्या अलीकडे एकसुद्धा नाही."

"अलीकडच्याही आहेत की यात."

"पण ती तुमची हद्द नाही!"

"पोर रडायला लागलं की कुठल्या हद्दीत रडतंय ते मला ऐकू येत नाही," अक्का म्हणाली. "नुसतं रडणं ऐकू येतं. कानच तसले आहेत."

मॅडम हे कुठल्या निकषात बसवायचं याचा विचार करत होत्या, तेवढ्यात एक खार झाडावरून सुळकन उतरली. तिचा श्वास फुलला होता.

"अक्का, धाव! वानराचं पोर बेहड्यावर अडकलंय! आग्या मोहोळ उठलंय!"

अक्का अंग झटकून उठली. पाठीवरची पिल्लं टपाटप खाली पडली.

"कुठे निघालात?" मॅडम म्हणाल्या. "तपासणी चालू आहे. केंद्रप्रमुखाने केंद्र सोडलं तर गुण कापावे लागतील."

"कापा," अक्का म्हणाली आणि पळाली.

मॅडमना राग आला. असं आजवर कुणी केलं नव्हतं. केंद्र सोडून प्रमुख कुठे गेला, याची नोंद तर घ्यायलाच हवी होती. म्हणून त्याही तिच्या मागोमाग निघाल्या, जमेल तितक्या भरभर.

बेहडा ओढ्याच्या अलीकडच्या बाजूला होता. खूप उंच, आणि वरच्या फांदीला सुपाएवढं मोहोळ. त्या फांदीवर हुप्या फांदीला मिठी मारून बसला होता, आणि त्याच्याभोवती माश्यांचा काळा ढग. खाली सुरक्षित अंतरावर त्याचा मामा उभा होता आणि वर बघून ओरडत होता, "पोळं तोड आधी! तोडल्याशिवाय उतरायचं नाही!"

मामाला मध फार आवडायचा, मुलांनो. माश्या मात्र आवडायच्या नाहीत, म्हणून दर वेळी चढायचं ते हुप्याने.

अक्का सरसर वर चढली. माश्या तिच्या केसांत घुसल्या. नाकावर, ओठांवर, डोळ्यांच्या कडांना चावल्या. तिने कळवळून शिव्या दिल्या, कुठल्या ते मी तुम्हाला सांगणार नाही. पण एका पंजाने पोराला छातीशी ओढलं, केसांत झाकलं आणि खाली उतरली. मोहोळापासून दूर, एका गर्द जाळीआड तिने त्याला ठेवलं.

मामा तिथेही आला. "आमच्या घरातली गोष्ट आहे ही. पोर माझं आहे. तू कोण मध्ये पडणार?"

मग त्याला मॅडम दिसल्या. "आणि तुम्ही इथे कशाला? काल तर पूर्ण गुण देऊन गेलात!"

असं म्हणून त्याने मॅडमवर दात विचकले.

आणि मॅडम गोल झाल्या. खवल्या मांजर घाबरलं की असंच करतं. नाक पोटात, शेपटी वरून गुंडाळलेली, बाहेर नुसते खवले. आत अंधार. अंधारात मॅडमना अक्काचं गुरगुरणं ऐकू आलं. मग एक दणका. मग कुणीतरी पालापाचोळा तुडवत लांब पळालं. अक्का त्याच्या मागे धावली.

मग सगळं शांत झालं. थोड्या वेळाने मॅडमच्या पाठीला काहीतरी टेकलं. ऊन ऊन आणि सुजलेलं. हुप्याने आपला गाल त्यांच्या खवल्यांवर ठेवला होता. खवले गार होते.

"तुम्ही दगड आहात का?" त्याने विचारलं.

"नाही," आतून आवाज आला. "मी तपासणी अधिकारी आहे."

"अच्छा."

थोडा वेळ तो नुसताच कण्हत होता. मग मॅडमनी आतूनच विचारलं, "काल मी विचारलं, तेव्हा तू होय म्हणालास."

"सगळे म्हणाले."

"पण तू का म्हणालास? मी विचारलं होतं ना तुला?"

"मला कुठे? तुम्ही 'मुलांनो' म्हणालात." तो दुसरा गाल टेकवण्यासाठी वळला. "मामा मागेच होता."

मॅडमनी शेपटी आणखी घट्ट गुंडाळली.

"पण तुम्ही माझ्या तोंडाकडे बघितलंत," हुप्या म्हणाला. "मग पानावर काहीतरी लिहिलंत. मला वाटलं, तुम्हाला कळलं. मी काल दिवसभर वाट बघितली, आता कुणीतरी येईल म्हणून."

मॅडमनी काय लिहिलं होतं, ते तुम्हाला माहीत आहे. मॅडमनाही माहीत होतं. गोल झालेल्या खवल्या मांजराला रडता येत नाही. नाक दाबलेलं असतं, श्वास अडकतो. त्यामुळे त्यांना शेवटी उलगडावंच लागलं.

दुसऱ्या दिवशी समितीची बैठक भरली. मॅडमनी काहीही न लपवता सगळं सांगितलं. आपण गालांची सूज पाहिली आणि तिला पोषण म्हटलं, हेही सांगितलं. घुबडराव एक डोळा मिटून ऐकत होते.

"भावना बाजूला ठेवा," ते म्हणाले. "निकष काय सांगतात? तपासणीच्या वेळी अस्वल केंद्रात होतं का?"

"नव्हतं. पण ती..."

"परक्या हद्दीत गेलं होतं का?"

"हो. पण ते पोर..."

"पोर आता कुठे आहे?"

"अक्काकडे."

"म्हणजे त्याची तक्रारही अस्वलाच्या केंद्रात जमा. तिथे आधीच ढीगभर आहेत, त्यात ही आणखी एक. मोराकडे?"

"मोराकडे," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "एकही नाही."

सरड्याने मान हलवली.

निकाल लगेच लागला. मोराचं केंद्र सर्वोत्कृष्ट. त्याला मानाचा तुरा देण्यात आला. मोराला मुळात एक तुरा असतोच, त्यावर हा दुसरा. अक्काचं केंद्र असमाधानकारक, सबब बंद. तिथल्या पिल्लांनी मोराकडे जावं. आणि हुप्याला त्याच्या हक्काच्या पालकाकडे, म्हणजे मामाकडे, परत करावं.

"आणि मुलांना एकेकटं विचारावं, असं मी सुचवते," मॅडम म्हणाल्या.

"उत्तम सूचना! मान्य," घुबडराव म्हणाले.

ती खरंच मान्य झाली. मोराने त्याच संध्याकाळपासून पिल्लांना एकेकटं बाजूला घेऊन "होय" म्हणण्याचा सराव सुरू केला.

हुप्याला घेऊन येण्याचं काम मॅडमकडेच आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या अक्काच्या झाडाखाली पोचल्या तेव्हा अक्का त्याच्या गालांवर ओली माती थापत होती. तिचंही नाक सुजलं होतं.

मॅडमनी हुकूम सांगितला. अक्काने ऐकून घेतला.

"केंद्राची पाटी काढून न्या," ती म्हणाली. "ती माझ्या कधी कामाची नव्हतीच. बाकीची पोरं आपल्या पायांनी येतात, उद्याही येतील. पण याला नेलंत, बाई, तर मी तुमचे खवले एकेक करून उपटीन."

"उपटा," मॅडम म्हणाल्या. "पण मी नेलं नाही, तर उद्या दुसरं कुणी नेईल. त्याला समितीसमोर उभं करावंच लागेल."

"आणि मग?"

"मग काय ते मला अजून माहीत नाही."

हुप्याच्या डोक्यावरून पंजा फिरवून अक्का दुसरीकडे तोंड करून बसली.

वाटेने हुप्या चालेना. पाय सुजले होते. मॅडमची शेपटी मागे फरपटत होती. तो तिच्यावर चढला आणि घट्ट धरून बसला. मॅडमनी मागे वळून पाहिलं. मग चालू लागल्या. त्यांचं पिल्लू लहान असताना असंच बसायचं. खवल्या मांजराची सगळी पिल्लं आईच्या शेपटीवर बसूनच जंगल बघतात.

समितीसमोर मामा आधीच येऊन उभा होता. ऊन डोक्यावर आलं होतं. घुबडरावांचे डोळे मिटत होते.

"आणलंत का वानराचं पोर?"

"नाही," मॅडम म्हणाल्या. "ते सापडलं नाही."

हे त्या इतक्या सहज म्हणाल्या, की त्यांना स्वतःलाच धक्का बसला.

"मग शेपटीवर कोण आहे?"

"माझं पिल्लू."

"खोटं!" मामा किंचाळला. "हा माझा भाचा आहे!"

घुबडरावांनी एक डोळा किलकिला केला. उन्हात त्यांना फारसं दिसत नव्हतं, पण तसं त्यांनी आजवर कबूल केलं नव्हतं आणि आता करणार नव्हते. "सचिव, खवल्या मांजराचं पिल्लू ओळखायचा निकष काय?"

"आईच्या शेपटीवर बसतं," सरडा म्हणाला.

"हे कुठे बसलंय?"

"शेपटीवर."

"हं. पण तोंड काळं आहे याचं."

"वडिलांवर गेलंय," मॅडम म्हणाल्या.

"आणि अंगावर केस?"

"तेही वडिलांकडचेच."

मामा काही बोलणार, तेवढ्यात घुबडरावांनी पंख वर केला. "नव्या निकषाप्रमाणे मुलाला एकट्याला विचारलं पाहिजे. बाळ, ही तुझी कोण?"

हुप्याने मामाकडे पाहिलं. मामाचे दात दिसत होते. मग त्याने शेपटी आणखी घट्ट धरली. त्याला हे कुणी शिकवलं नव्हतं. त्यामुळे जे तोंडात आलं तेच तो बोलला.

"मॅडम."



"आईला मॅडम म्हणतोस?" घुबडरावांनी विचारलं.

"घरात शिस्त आहे," खवले मॅडम म्हणाल्या.

घुबडराव फार प्रसन्न झाले. "याला म्हणतात संस्कार! शिस्त, पूर्ण गुण. पुढचा विषय."

सरड्याने मान हलवली. मामा तणतणत निघून गेला. समितीच्या निर्णयावर तक्रार करायची त्याला इच्छा होती, पण मोराने त्याला बाजूला घेऊन समजावलं, की तक्रार झाली तर ती मोराच्याच केंद्रात मोजली जाईल.

खवले मॅडम घराकडे निघाल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्या खोटं बोलल्या होत्या. वानराचं पोर खवल्या मांजराच्या पिल्लापेक्षा बरंच जड असतं, हे त्यांना आता कळत होतं.

"मला भूक लागलीय," हुप्या मागून म्हणाला.

मॅडम थांबल्या. त्यांनी उंबराखाली पडलेली फळं गोळा करून दिली.

"ही किडकी आहेत."

त्यांनी दुसरी शोधली.

"ऊन लागतंय. तुमचे खवले टोचतात. तुम्ही किती हळू चालता! आणि माझा कान दुखतोय, हा नाही, तो दुसरा."

हुप्याला आजवर एवढं बोलताना कुणी ऐकलं नव्हतं. तो एकदा सुरू झाला तो थांबेचना. मॅडम प्रत्येक गाऱ्हाण्याला थांबत होत्या, वळून बघत होत्या, कान कुठला ते नीट विचारून घेत होत्या. घर जवळच होतं, पण पोचायला त्यांना संध्याकाळ झाली.

*

तात्पर्य: सुरक्षित मूल तक्रार करत नाही. म्हणून मुलांनो, कुणी मारलं, कुणी छळलं, कुठे दुखलं-खुपलं, तर हाताची घडी घालून गप्प बसा. तुम्ही बोललात, तर एखाद्या चांगल्या केंद्राचे गुण उगाच कमी होतील. आणि राहवलंच नाही, तर निदान अशा कुणाला सांगा, ज्याला मोजता येत नाही.